औंध : गावाच्या इतिहासलेखनाच्या कामाच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४

गणपती उठल्यावर पहिल्याच रविवारी गावातल्या यमाईच्या देवळाच्या सभामंडपात आम्ही सहा जण बसलो आणि गेली दोन वर्षे नुसते बोलण्यात असलेले काम सुरू करायचे ठरवले. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातले आमचे औंध आज ग्रामपंचायतीचे गाव आहे, पण १९४८ पर्यंत ते एका संस्थानाची राजधानी होते. गावाविषयी जे काही छापले गेले आहे ते बहुतेक राजवाड्याच्या अंगाने छापले गेले आहे. औंधचे राजे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे कर्तृत्व मोठेच होते आणि त्याविषयी आमच्या मनात आदर आहे. तरीही राजाने काय दिले एवढेच सांगून गावाचा इतिहास पुरा होत नाही. ते घेणारे, वापरणारे, काही ठिकाणी नाकारणारे लोक कोण होते आणि त्यांचे दिवस कसे जात होते, ते लिहून ठेवणे हे आमचे काम राहील.

गल्ल्या वाटून घेतल्या आहेत. माझे माहेर इथलेच असल्यामुळे वयोवृद्धांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले. प्रत्येकाचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करायचे, त्याच दिवशी वहीत उतरवायचे आणि सांगणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय त्याचे नाव कुठेही लिहायचे नाही, असे तीन नियम ठरले.

६ ऑक्टोबर २०२४

नवरात्राची गर्दी असल्याने भल्या पहाटे मूळपीठाच्या, म्हणजे यमाईच्या मूळ देवळाच्या डोंगरावर गेलो. देवीची काळ्या पाषाणाची बैठी मूर्ती आणि मंदिराभोवतीची तटबंदी यांची टिपणे केली, पण जास्त वेळ गेला तो पायऱ्यांवर बसलेल्या बायकांशी बोलण्यात. औंधासुराला देवीने मारले म्हणून गावाला औंध हे नाव पडले आणि जोतिबाने 'ये माई' अशी हाक मारली म्हणून देवीला यमाई म्हणू लागले, ही कथा त्यांनी एकमेकींचे शब्द उचलत सांगितली. व्युत्पत्ती म्हणून ती टिकेल की नाही हा प्रश्न मी बाजूला ठेवला आहे. वाडी रत्नागिरीचा जोतिबा आणि औंधची यमाई यांचे नाते ज्या घरांत आजही पाळले जाते, त्या घरांच्या दृष्टीने ती कथा म्हणजेच गावाचा पहिला दस्तऐवज आहे.

प्रतिनिधी घराण्याचा, म्हणजे औंधच्या राजघराण्याचा भाग थोडक्यातच घ्यायचा, असे वाटेत ठरले. परशुराम त्रिंबक हे मूळचे किन्हईचे कुलकर्णी. छत्रपती राजारामांच्या काळात मोगलांशी चाललेल्या झुंजीत ते पुढे आले आणि प्रतिनिधिपदापर्यंत पोहोचले. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, त्यापायी कैद भोगली आणि पुढे तेच पद शाहूंकडून त्यांना परत मिळाले. यमाई ही त्यांची कुलदेवता असल्यामुळे घराण्याचे आणि औंधचे नाते जुळले ते कायमचेच. एवढे चार वाक्यांत लिहून झाले आणि तेवढेच पुरे आहे.

२२ ऑक्टोबर २०२४

काल आश्विन वद्य पंचमी होती. औंधच्या संगीत महोत्सवाची ही तिथी ठरलेली असते आणि गावाबाहेर गेलेली कितीतरी माणसे दिवाळीआधी एकदा गावी येतात ती याच दिवशी. पंडित अनंत मनोहर जोशी, म्हणजे गावाचे अंतुबुवा, यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये हा उत्सव सुरू केला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून ग्वाल्हेरची गायकी शिकलेले अंतुबुवा औंध दरबारचे गवई होते. त्यांचे पुत्र गजाननबुवा गायनात आणि व्हायोलिनवादनात सारख्याच अधिकाराने वावरले, आणि पुढे त्यांच्या शिष्यपरिवाराने हा उत्सव जागता ठेवला.

माझ्या कामाला उपयोगी पडले ते मांडवाच्या कडेला बसलेल्या एका शेतकरी काकांचे बोलणे. ते पन्नासएक वर्षे न चुकता येत आहेत. रागाचे नाव त्यांना विचारले तर ते सांगत नाहीत, पण गवई समेवर येण्याआधी त्यांचा हात मांडीवर पडतो. मी विचारले, "काका, हे शिकलात कुठे?" तेव्हा ते म्हणाले, "शिकलो न्हाई ताई. बापाच्या मांडीवर निजून ऐकलं, तेवढंच." इतक्या लहान गावात शास्त्रीय संगीताचा श्रोता कसा घडला, याचा खुलासा मी इतर कुठे शोधत बसणार नाही. ज्या उत्सवात तिकीट नाही आणि गवई व श्रोता एकाच देवासमोर बसतात, तिथे ऐकण्याची सवय बापाकडून मुलाकडे आपोआप गेली. हे प्रकरण मी एकटीने लिहू नये, म्हणून आमच्यातल्या हार्मोनियम वाजवणाऱ्या सहकाऱ्याकडे ते दिले आहे.

१७ नोव्हेंबर २०२४

श्री भवानी चित्रसंग्रहालयात दुसरी फेरी झाली. १९३८ मध्ये डोंगराच्या पायथ्याशी उभारलेल्या या इमारतीत राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रे आहेत, पहाडी शैलीतील लघुचित्रे आहेत, हस्तिदंत आणि चंदनातले कोरीव काम आहे, आणि हेन्री मूर यांचे 'माता आणि बालक' हे शिल्पही आहे. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, कीर्तनकारही होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध व्हावी म्हणून पुण्याच्या भांडारकर संस्थेला एक लाख रुपयांचे साहाय्य त्यांनीच देऊ केले होते. हे सारे माहितीपत्रकांतून येऊन गेले आहे, म्हणून आमच्या वहीत त्याला एक पान पुरेल.

मला हवे होते ते निराळे. संग्रहालय गावाचे कितपत झाले? आमच्या गल्लीतल्या आक्का लग्न होऊन १९६० च्या सुमारास औंधात आल्या. सासूने त्यांना पहिल्या वर्षी तीन ठिकाणी नेले होते, मूळपीठावर, गावातल्या देवीला आणि 'चित्रं बघायला'. आलेल्या सुनेला चित्रे दाखवायची ही रीत मी दुसऱ्या कुठल्याही गावात ऐकलेली नाही. आक्कांना रविवर्म्याचे नाव ठाऊक नाही, पण दमयंतीच्या चित्रातल्या पातळाची किनार त्यांना तोंडपाठ आहे.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचे टिपणही आज पुरे केले. सावंतवाडीकडचे हे चित्रकार, वेदांच्या अभ्यासासाठी त्यांनी चित्रकला मागे ठेवली आणि औंधात स्वाध्याय मंडळाची स्थापना करून तीसेक वर्षे इथे छापखाना चालवला. १९४८ मध्ये ते गुजरातमधल्या पारडीला गेले आणि वयाची शंभरी पाहून १९६८ मध्ये वारले. वेदसंहिता औंधात छापल्या जात होत्या, म्हणजे इथे खिळे जुळवणारे, प्रुफे तपासणारे, बांधणी करणारे हात होते. त्या हातांच्या घरांचा शोध अजून लागलेला नाही आणि ती उणीव मला बोचते आहे.

१५ डिसेंबर २०२४

आबांकडे तिसरी बैठक झाली. त्यांचा जन्म १९३६ चा, स्मरण लख्ख आणि बोलणे सावकाश. शाळेत सूर्यनमस्कार घातल्याशिवाय दिवस सुरू होत नसे. राजेसाहेब स्वतः रोज नमस्कार घालत, त्यांनी देशभर त्यांचा प्रसार केला आणि संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले. आबांच्या आठवणीत मात्र त्याचे रूप वेगळे आहे. ते म्हणाले, "थंडीत उघड्या अंगानं जमिनीवर हात टेकायचं जिवावर यायचं. पर नमस्कार झालं की अंगाची वाफ निघायची, मग समदी पोरं एकसारखी दिसायची." एकसारखी म्हणजे काय, असे मी विचारले, तेव्हा थोडे थांबून ते म्हणाले की सदरे काढून ठेवले म्हणजे कुणाचा फाटका आणि कुणाचा नवा हे कळत नसे.

हे वाक्य ऐकून शंकरराव खरातांची आठवण होणे साहजिक होते. आटपाडीच्या महार वस्तीत १९२१ मध्ये जन्मलेला हा मुलगा औंधला शिकायला आला, पुढे वकील झाला, लेखक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९८४ च्या जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ग. दि. माडगूळकरही काही काळ औंधच्या शाळेत होते. आज सहज मोजून पाहिले. संमेलनाच्या अध्यक्षपदावर १९३५ मध्ये इंदूरला स्वतः बाळासाहेब, १९७३ मध्ये यवतमाळला गदिमा, १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि त्याच्या पुढच्याच वर्षी खरात. बहात्तर गावांच्या दुष्काळी संस्थानातून चार अध्यक्ष निघाले, याचा अभिमान मला वाटतो. पण खरातांच्या वाट्याला आलेली अस्पृश्यता या अभिमानाखाली झाकली जाऊ नये, म्हणून शाळेच्या प्रकरणात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवणार आहे. आबांना पाणवठ्यांविषयी विचारले तेव्हा ते पुढच्या वेळी सांगतो म्हणाले. मीही आग्रह धरला नाही.

२१ जानेवारी २०२५

आजची तारीख मुद्दाम निवडून आबांकडे गेले. १९३९ मध्ये याच दिवशी औंधची स्वराज्य घटना अमलात आली, आणि गावात आज त्याची कुठे खूण नव्हती.

नोंद म्हणून आधी घटनाक्रम लिहिते. १९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा निश्चय जाहीर केला. बंगळूरला कारखान्यात काम करणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन हे या विचारामागचे एक मोठे प्रेरक होते. इथले लोक त्यांना भारतानंद या नावाने ओळखत. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते. ही मंडळी सेवाग्रामला गेली आणि गांधीजींनी घटनेच्या मसुद्यात स्वतः लक्ष घातले. रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याचे मंडळ व्हायचे आणि तालुक्यांनी आपले प्रतिनिधी विधिमंडळात पाठवायचे. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षे होती, आणि आसपासच्या संस्थानांत प्रजा परिषदेच्या सभांवर बंदी येत होती, तेव्हा इथे राजाच राज्य सोडत होता.

नकाशा पुढे घेतल्यावर या प्रयोगाची अडचण जितकी कळते तितकी मसुदा वाचून कळत नाही. संस्थान सुमारे ५०० चौरस मैलांचे, पण सलग नव्हते. औंध इथे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूला आणि गुणदाळ थेट विजापूरकडे, असे त्याचे चार तुकडे होते आणि मध्ये इंग्रजी मुलूख किंवा दुसऱ्या संस्थानांची हद्द लागे. गुणदाळची माणसे कानडी बोलणारी. त्यांच्या प्रतिनिधीने औंधला यायचे म्हणजे किती मुक्काम, किती खर्च, कोणत्या भाषेत बोलणे? हे प्रश्न मी आज प्रथमच नीट विचारले.

आबा त्या वेळी तीन वर्षांचे होते, त्यामुळे घटनेच्या घोषणेची त्यांना आठवण असणे शक्य नाही. पण पुढच्या आठ-नऊ वर्षांतल्या सभा त्यांना आठवतात. "चावडीम्होरं कंदील लागला की सभा हाय म्हणून कळायचं. आमी पोरं कंदिलाखाली. मोठी माणसं भांडायची इहिरीवरनं, रस्त्यावरनं, कुणाचा बांध कुणी कोरला त्यावरनं." मग मी विचारले, "राजाविषयी बोलत होते का?" ते हसून म्हणाले, "राजाचं काय बोलायचं? राजा तर आपल्याच बाजूला हुता. भांडण आपापसातलं."

या बोलण्यावर मी घरी येऊन बराच वेळ विचार केला. स्वराज्य मिळाल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय केले, तर विहीर, रस्ता आणि बांध यांवरून एकमेकांशी उघड वाद घातला. यात मला उणेपणा वाटत नाही. पूर्वी जी तक्रार कारभाऱ्याच्या दारात हात जोडून सांगावी लागत होती, तीच आता कंदिलाच्या उजेडात शेजाऱ्याच्या तोंडावर मांडता येत होती. आमच्या वहीतले सर्वांत लांब प्रकरण हेच राहील, असे मी सहकाऱ्यांना कळवले.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. पंचायतीत बसणारे पाच जण बहुतेक कोणत्या घरांतले असत, असे विचारल्यावर आबांनी ज्या घरांकडे बोट दाखवले ती सगळी जमीनवाली घरे होती. गावकुसाबाहेरचा कुणी होता का, याचे उत्तर त्यांनी आठवून सांगतो म्हणून राखून ठेवले आहे.

२ फेब्रुवारी २०२५

आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला जाऊन आलो. १९३९ मध्ये औंध संस्थानाने ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही, कुलूप नाही, शिक्षा झालेला माणूस बायकामुलांसह राहतो आणि शेती करतो, अशी तिची कल्पना. ती वसाहत संस्थान गेल्यावरही बंद पडली नाही आणि आज महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा याच भागातले.

तिथे राहणाऱ्या कुणाचीही ओळख आमच्या लिखाणात येऊ नये म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिले आणि शेजारच्या शेतकऱ्यांशी बोललो. एका वहिनींनी सांगितले की त्यांच्या आजेसासूबाई सांजेला एकट्या त्या रानातून पाणी आणायला जात, कारण तिथे राखण असे. कैद्यांच्या वस्तीजवळून जाताना बाईला भीती वाटण्याऐवजी आधार वाटत होता, ही गोष्ट मला संस्थानच्या कोणत्याही अहवालाहून मोलाची वाटते.

परतताना वाटेत डाळिंबाच्या बागा लागल्या. माणदेशाचा हा भाग नेहमीचा दुष्काळी, पावसाच्या छायेतला. दुष्काळाने या पट्ट्यातली हजारो माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगवली. औंधच्या कितीतरी घरांना आज कुलूप आहे ते त्यामुळेच, आणि अशा घरांचा इतिहास फोनवरूनच विचारावा लागणार.

८ मार्च २०२५

१९४८ मध्ये आजच्याच तारखेला औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. चार तालुके चार दिशांना गेले. औंध खटावला जोडले गेले, कुंडल आणि आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहेत आणि गुणदाळ कर्नाटकात. घटना मोडली ती कुणी विरोध केला म्हणून नव्हे, तर ज्या राज्यासाठी ती होती तेच उरले नाही म्हणून. अप्पासाहेब भारताचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत गेले, आणि राजधानीचे एका वर्षात तालुक्यातले एक गाव झाले.

कुंडलचे प्रकरण लिहिणाऱ्या सहकाऱ्याने आज मसुदा वाचून दाखवला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचे निवडुंगाचे माळरान दिले आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारचे कुंडल हे केंद्र झाले. इंग्रजांच्या हद्दीत पाठलाग सुरू झाला की भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळे. मसुदा चांगला आहे, थोडा कापावा लागेल.

मला मात्र १९४८ च्या आरंभाविषयी लिहायचे आहे. गांधीजींच्या हत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. ज्या संस्थानाची घटना गांधीजींच्या हाताखालून गेली, त्याच्या परिसरात त्यांच्याच नावाने हे घडले. याविषयी मी नऊ जणांना विचारले. सात जणांनी विषय बदलला, एकाने ध्वनिमुद्रण बंद करायला सांगितले आणि एका आजींनी त्या रात्री शेजारच्या घरातली भांडी आपल्या घरात आणून लपवल्याचे सांगितले. बंद केलेल्या ध्वनिमुद्रणातला एकही शब्द मी लिहिणार नाही. आजींचे बोलणे त्यांच्या परवानगीने, जसेच्या तसे, नावाशिवाय लिहिणार आहे. गटातल्या दोघांना हे प्रकरण नकोसे वाटते. आम्ही दीड तास बोललो आणि ते ठेवायचे असे ठरले, पण जाळणाऱ्यांच्या किंवा जळालेल्यांच्या एकाही घराकडे बोट जाणार नाही अशा रीतीने.

१३ एप्रिल २०२५

बाळासाहेबांचा मृत्यू १९५१ मध्ये आजच्या तारखेला झाला. त्या निमित्ताने सभामंडपात मसुद्याची तीन प्रकरणे वाचून दाखवली. चाळीसएक माणसे आली होती, त्यांत बायका जास्त. पूर्वीच्या जत्रेच्या वर्णनात मी देवीच्या रथाचा मार्ग चुकीचा लिहिला होता. तो चार जणींनी एकाच वेळी दुरुस्त केला आणि पौषात दोर ओढायला कोणती आळी कुठे उभी राहायची तेही सांगितले. ते सगळे मी तिथेच वहीच्या समासात लिहून घेतले. शाळेचे प्रकरण ऐकून एका तरुणाने विचारले की खरातांच्या बरोबरीची आणखी किती मुले त्यांच्या वस्तीतून औंधला आली आणि किती अर्ध्यावर परत गेली. हा प्रश्न आम्हाला सुचायला हवा होता. शाळेचे जुने पट पाहण्यासाठी अर्ज करायचे काम त्यानेच अंगावर घेतले.

वाचन संपल्यावर आबा काठी टेकत पुढे आले आणि पाणवठ्याचे सांगायचे राहिले आहे म्हणाले. इतक्या माणसांत सांगणार का, असे मी विचारले. "आता न्हाई सांगितलं तर कवा?" असे म्हणून ते पायरीवर बसले. दोन विहिरी होत्या, कोणती कुणाची, बादली कोण ओढून वरून ओतायचे, आणि आबांच्या वडिलांनी एका उन्हाळ्यात ती बादली ओतायला नकार दिला होता, हे सारे त्यांनी सलग अकरा मिनिटे सांगितले. ज्या घराला तेव्हा पाणी नाकारले गेले त्या घरातली नात सभेत बसलेली होती. ती उठून आबांच्या शेजारी पायरीवर येऊन बसली आणि तिच्या आजीकडून ऐकलेले तिने त्यापुढे सांगायला सुरुवात केली. दोघांचे बोलणे एकाच ध्वनिमुद्रणात आहे, क्रमांक ३१. उद्या उतरवून घ्यायचे आहे, आणि दोघांनाही वाचून दाखवायचे आहे.